रबाळ्यातला एक मेगावॉट: वीज पुरी, बचत अपुरी

सहवीज संच, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि उपयोगी उष्णता दोन्ही देणारा संच, बसवून वर्ष झाले. इंजिन नीट चालले, ठरलेली युनिटे पडली, मोठा बिघाड एकही झाला नाही. आणि तरी गॅस आणि वीज या दोन बिलांची बेरीज घटण्याऐवजी वाढली. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे भागातल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्याचे हे प्रकरण आहे. कारखाना नमुन्यादाखल घेतला आहे. आकडे एक मेगावॉटच्या गॅस इंजिनाला आणि अशा आकाराच्या कारखान्याला साजेसे आहेत, रुपयांतले दर फक्त हिशोबापुरते धरले आहेत. दोष मात्र या कामात वरचेवर भेटणारे आहेत.

कारखान्याचा विजेचा लोड दिवसा सुमारे १५५० किलोवॉट, रात्री १०५० ते ११०० आणि रविवारी ४००. वाफ सरासरी ताशी २ टन, ८ बारच्या आसपास. ती ३ टनी गॅस बॉयलरमधून येते. टाक्या, पाइप आणि भरण यंत्रे धुण्यासाठी म्हणजे सीआयपीसाठी गरम पाणी ताशी सरासरी ८ घनमीटर लागते. तेही वाफेवरच तापवले जाई. जोडीला ७ अंशांचे थंड पाणी देणारे विजेवरचे चिलर.

संचाचा ताळेबंद

इंजिन टर्बोचार्जरवाले, लीन बर्न (जादा हवेत गॅस जाळणारे), मिनिटाला १५०० फेऱ्यांचे. मागे चार पोलचा ४१५ व्होल्टचा अल्टरनेटर (वीज जनित्र), पूर्ण लोडला १००० किलोवॉट. गॅस महानगर गॅसच्या जाळ्यातून आवाराच्या कडेच्या मीटरिंग स्किडवर, म्हणजे गॅस मोजणाऱ्या जोडणीवर, येतो. तिथून दाब उतरवत इंजिनाच्या गॅस ट्रेनपर्यंत तो १०० ते २०० मिलिबारवर आणला जातो. गॅस ट्रेनमध्ये फिल्टर, रेग्युलेटर आणि एकामागोमाग दोन सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारे) व्हॉल्व्ह असतात. प्रत्येक स्टार्टच्या आधी या दोन व्हॉल्व्हच्या मधल्या तुकड्यात दाब धरून गळती तपासली जाते. ही तपासणी नापास झाली की कंट्रोलर स्टार्ट देत नाही. ‘स्टार्ट घेत नाही’ अशा तक्रारीत बॅटरी आणि स्टार्टर खोलण्यापूर्वी हे बघावे.

पूर्ण लोडला इंजिनात जाणारी ऊर्जा २५०० किलोवॉट. तिची वाटणी अशी: वीज १००० किलोवॉट, साडेचारशे अंशांच्या आसपास निघणारा धूर २०० अंशांपर्यंत निववला तर ४३० किलोवॉट, जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारे पाणी), लुब ऑइल आणि इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेले मिश्रण निववणाऱ्या भागाचा) पहिला टप्पा मिळून ९० अंशांच्या पाण्यात ६०० किलोवॉट, इंटरकूलरच्या दुसऱ्या टप्प्यात ६०, पण ते जेमतेम चाळीस अंशांचे असल्याने कूलिंग टॉवरला देण्यापलीकडे उपयोग नाही, इंजिन आणि अल्टरनेटरच्या अंगातून खोलीत ९०, आणि उरलेले ३२० चिमणीतून वर.

धुरातले ४३० किलोवॉट वेस्ट हीट बॉयलरमध्ये गेले की ८० अंशांच्या फीड वॉटरपासून (बॉयलरला भरायच्या पाण्यापासून) ८ बारची वाफ ताशी सुमारे ६३० किलो मिळते. एक मेगावॉटच्या गॅस इंजिनाला एक टन वाफ मिळेल असे कोणी सांगत असेल तर धुराचे तापमान आणि प्रवाह विचारावा. तेवढी उष्णता तिथे नसते. जास्त उष्णता पाण्यात आहे, आणि ती ९० अंशांची असल्यामुळे वाफ करायला निरुपयोगी आहे. कागदावरच्या बहुतेक योजना इथेच सैल पडतात.

हरवलेले दहा टक्के

पहिली शंका इंजिनावरच घेतली गेली. उत्पादकाच्या कागदावर कार्यक्षमता ४० टक्के, तर बिलावरून काढली तर ३६. वॉरंटीचे पत्र लिहायची तयारी झाली होती. खरे कारण उष्मांकाचे होते. इंजिनाची कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर दिलेली असते, म्हणजे धुरातल्या पाण्याच्या वाफेची सुप्त उष्णता वगळून. गॅसचे बिल मात्र एकूण उष्मांकावर येते. नैसर्गिक वायूत हायड्रोजन भरपूर असल्याने दोहोंत सुमारे दहा टक्के अंतर पडते. या हिशोबात एका एससीएम (प्रमाणित घनमीटर) गॅसमध्ये निव्वळ ९.७ आणि एकूण १०.७५ किलोवॉट-तास धरले आहेत. त्यावरून ताशी खप २५०० भागिले ९.७, म्हणजे २५८ एससीएम. इंजिन तेवढाच गॅस खात होते. ४० ला ०.९ ने गुणले की ३६ येतात. दोन्ही आकडे बरोबर होते.

दुसरी अडचण मोजमापाची. स्किडवर एकच मीटर, त्यामागे बॉयलर आणि इंजिन दोन्ही. त्यामुळे बॉयलरचा गॅस किती घटला हे कोणालाच सांगता येत नव्हते. दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र सब-मीटर बसवले. असा मीटर २ बारच्या लाइनीत बसवला आणि दाब-तापमानाची दुरुस्ती लावली नाही, तर तो खऱ्या आकड्याच्या जवळपास एक तृतीयांशच दाखवतो. म्हणून करेक्टर असलेलेच मीटर घ्यावे. जॅकेट वॉटरवर दोन उष्णता मीटर लावले, एक प्रोसेसला उष्णता देणाऱ्या एक्स्चेंजरवर आणि एक छपरावरच्या रेडिएटरवर. वेस्ट हीट बॉयलरच्या फीड लाइनीत पाण्याचा मीटर लावला. एवढ्या सामानावर आठवड्याभरात चित्र स्पष्ट झाले.

वाफ ताशी ६३० च्या जागी सरासरी ३१० किलो. जॅकेट वॉटरच्या ६०० किलोवॉटपैकी उपयोगात आलेले फक्त ५०. बाकी सगळे रेडिएटरच्या पंख्यांनी रबाळ्याच्या हवेत उडवले.

याचा अर्थ रुपयांत असा निघतो. मुख्य बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर ३१० किलो वाफेने वाचवला ताशी २५ एससीएम गॅस, आणि ५० किलोवॉट गरम पाण्याने ६. इंजिनाच्या २५८ मधून हे ३१ वजा केले की १००० युनिटांच्या माथी २२७ एससीएम येतात. गॅस ५० रुपये एससीएम धरला तर युनिटला ११ रुपये ३५ पैसे, देखभाल वेगळी. बाहेरून येणारे युनिट ९ रुपयांचे धरले तर इंजिन जितके जास्त तास चालेल तितका तोटा वाढणार. ऑपरेटरांना मात्र चालू तासांवर शाबासकी मिळत होती.

वाफ हेडरमध्ये शिरतच नव्हती

वेस्ट हीट बॉयलरवर धुरासाठी डायव्हर्टर डॅम्पर असतो. वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तो धूर बॉयलरला वळसा घालून थेट चिमणीत सोडतो. इथे ती मर्यादा ८.३ बार होती. मुख्य बॉयलरचा बर्नर हेडर, म्हणजे वाफेचा सामायिक पाइप, ८.२ ते ८.६ बारच्या दरम्यान राखत होता. म्हणजे हेडरचा दाब बहुतेक वेळ वेस्ट हीट बॉयलरपेक्षा जास्त. त्याचा एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडेना, आत दाब साचे, ८.३ ला डॅम्पर फिरे, आणि धूर चिमणीत. पॅनेलवर कसलाही अलार्म नाही, कारण प्रत्येक यंत्र आपापल्या सेटिंगप्रमाणे बिनचूक वागत होते. विकतचा गॅस जाळून केलेली वाफ पुढे, आणि फुकटची वाफ दाराबाहेर ताटकळत.

उपाय सेटिंगचा होता. वापराच्या जागी प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह वाफ ३ ते ४ बारवर उतरवतातच. त्यामुळे हेडरला साडेआठ बार हवाच होता असे नाही. मुख्य बॉयलरचा पट्टा ६.८ ते ७.६ बार केला. वेस्ट हीट बॉयलरची डायव्हर्टर मर्यादा ८.३ च ठेवली. सेफ्टी व्हॉल्व्ह १०.५ ला असल्याने तिथे अंतर पुरेसे आहे. आता फुकटची वाफ आधी भरते, आणि कमी पडेल तेवढेच मुख्य बॉयलर पुरवतो. दाब कमी केल्यावर एक गोष्ट तपासावी लागते. कमी दाबाची वाफ जास्त जागा घेते, त्यामुळे पाइपातला वेग आणि बॉयलरमधून वाफेसोबत पाणी उडण्याची शक्यता दोन्ही वाढतात. इथे पाइप मोठे होते, निभावले.

तरीही आकडा ६३० ला न पोहोचता ५४० वर अडकला. डॅम्पर पूर्ण बंद दाखवत असताना वळशाच्या पाइपाचा पृष्ठभाग तीनशे अंशांच्या वर होता. गळती नसती तर तो बराच निवला असता. डॅम्परच्या पात्याची कड वाकली होती आणि अॅक्च्युएटरचा लिमिट स्विच पाते पूर्ण बसण्याआधीच ‘बंद’ म्हणत होता. शटडाउनमध्ये पाते सरळ करून सील पट्टी बदलली. याच वेळी बॉयलरच्या नळ्या ब्रशने साफ केल्या. नैसर्गिक वायूच्या धुरात काजळी नगण्य असते, पण जळलेल्या लुब ऑइलची पांढुरकी राख नळ्यांत बसते आणि धुराचे निघतानाचे तापमान हळूहळू चढते. हे तापमान नोंदवहीत रोज लिहावे; पंधरा-वीस अंश चढले की नळ्या सफाई मागताहेत असे समजावे. धुराचा मागचा दाबही याच वहीत हवा, कारण इंजिनाला सोसणारा एकूण बॅक प्रेशर साधारण ५० ते ६० मिलिबारच असतो.

पाण्यातले सहाशे किलोवॉट

मूळ योजनेत जॅकेट वॉटरने बॉयलरचे फीड वॉटर तापवायचे होते. कल्पना वाईट नाही, पण आकडा कोणी मांडलाच नव्हता. ताशी २ टन फीड वॉटर सगळेच्या सगळे थंड धरले आणि ३० पासून ८५ अंशांपर्यंत तापवले, तरी १२८ किलोवॉट लागतात. त्यातही दरम्यानच्या काळात कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी) परत आणण्याचे काम चांगले झाले. ताशी १.२ टन कंडेन्सेट गरमच परत येऊ लागले, आणि थंड मेकअप (भर घालायचे नवे पाणी) उरला फक्त ०.८ टन. तो ८० पर्यंत तापवायला ४८ किलोवॉट पुरतात. एका विभागाने चांगले काम केले की दुसऱ्याची बचत खाल्ली जाते, त्याचा हा ठळक नमुना. उष्णता देणारे दोन आणि थंड पाणी एकच.

त्यात पंख्यांच्या सेटिंगची भर. जॅकेट वॉटर ताशी ४३ घनमीटर फिरते, इंजिनातून ९० ला निघून ७८ ला परत यायला हवे. प्रोसेस एक्स्चेंजरचा तीन-मार्गी व्हॉल्व्ह ७८ वर काम करी, पण रेडिएटरचे पंखे ७६ लाच सुरू होत. म्हणजे प्रोसेसने मागण्याआधीच उष्णता छपरावर. पंख्यांचा सेट पॉइंट ८० केला. इंजिनाची परतीच्या पाण्याची ट्रिप मर्यादा त्याच्या वर आहे. ही दोन तापमाने कोणत्या क्रमाने लावली आहेत ते प्रत्येक संचावर तपासण्यासारखे आहे. कमिशनिंगच्या वेळी इंजिन सुरक्षित राहावे म्हणून पंखे लवकर सुरू होतील असे ठेवतात, आणि नंतर ते तसेच राहते.

खरा उपाय सीआयपीच्या पाण्यात होता. ताशी ८ घनमीटर पाणी २८ वरून ७५ अंशांवर न्यायला ४३७ किलोवॉट लागतात. जागा, तापमान, प्रमाण, तिन्ही जुळतात. अडचण एवढीच की धुलाई सलग नसते. शिफ्ट बदलताना तासाभरात तीस घनमीटर, मग दोन तास शून्य. त्यासाठी २० घनमीटरची इन्सुलेट केलेली टाकी बसवली. २८ चे पाणी ७८ पर्यंत नेले तर तिच्यात सुमारे ११६० किलोवॉट-तास मावतात, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याचे दोन तास. त्या जोडीला धुलाईच्या वेळा तीन ओळींत अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या. हे दुसरे काम बिनखर्चाचे, पण उत्पादन विभागाला पटवायला टाकी उभारण्यापेक्षा जास्त वेळ घेणारे.

अन्नाच्या कारखान्यात इथे एक काळजी घ्यावीच लागते. जॅकेट वॉटरमध्ये नायट्राइटसारखी गंजरोधक रसायने असतात. एक्स्चेंजरची प्लेट फाटली तर ते पाणी टाक्या-पाइप धुणाऱ्या पाण्यात जाऊ नये, म्हणून मध्ये स्वच्छ पाण्याचा एक बंद फेरा ठेवला. त्यात चार-पाच अंश जातात. ९० चे ८५ होते, आणि टाकीत ७८ मिळते. ज्या धुलाईला ८५ हवे तिथे शेवटचे सात अंश वाफेने चढवतात.

शोषण चिलरचा प्रस्ताव का नाकारला

टाकीच्या आधी वेगळाच प्रस्ताव टेबलावर होता: वाया जाणाऱ्या ६०० किलोवॉटवर १२० टीआरचे (टन रेफ्रिजरेशन, गारव्याचे माप) लिथियम ब्रोमाइड शोषण यंत्र, म्हणजे व्हीएएम. ऐकायला आकर्षक, कारण उष्णता फुकट आणि त्यातून गारवा. गरम पाण्यावरच्या अशा यंत्राचा सीओपी (दिलेल्या उष्णतेमागे मिळणारा गारवा) ०.७ च्या घरात असतो. ६०० गुणिले ०.७ म्हणजे ४२० किलोवॉट, म्हणजेच १२० टीआर. हिशोब इथपर्यंत बरोबर. पण तेवढाच गारवा चांगल्या वॉटर-कूल्ड विजेच्या चिलरला ८० किलोवॉटमध्ये जमतो. म्हणजे ६०० किलोवॉट उष्णतेची किंमत ताशी ८० युनिटे, ९ रुपयांनी ७२० रुपये. त्यातली ४८५ किलोवॉट उष्णता थेट पाणी तापवायला वापरली तर बॉयलरचा ताशी ५७ एससीएम गॅस वाचतो, म्हणजे २८५० रुपये. चौपट.

शिवाय शोषण यंत्र टॉवरवर दुप्पट भार टाकते. विजेचे चिलर ४२० अधिक ८० असे ५०० किलोवॉट बाहेर टाकते, तर शोषण यंत्र ६०० अधिक ४२० असे १०२०. एवढ्या उष्णतेला बाष्पीभवनातच ताशी दीड घनमीटर पाणी जाते. एमआयडीसीच्या पाण्याच्या बिलात ते दिसते.

शोषण यंत्र टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. जिथे गरम पाण्याला गिऱ्हाईक नाही आणि एअर कंडिशनिंग चोवीस तास आहे, अशा डेटा सेंटरमध्ये किंवा मोठ्या रुग्णालयात तेच बरोबर. कारखान्यात आधी विचारावे की कुठे कोण थंड पाणी तापवत आहे.

दुरुस्तीनंतरचा हिशोब, आणि नवा गुंता

वाफेचे ४३०, सीआयपीचे ४३७ आणि मेकअपचे ४८ किलोवॉट मिळून बॉयलरचे ताशी १०७ एससीएम वाचू लागले. २५८ मधून ते गेले की १००० युनिटांना १५१ एससीएम, म्हणजे युनिटला ७ रुपये ५५ पैसे. देखभालीचा रुपयाभर धरूनही ९ च्या खाली. एकूण उपयुक्त ऊर्जा इंधनाच्या ५० टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. इंजिनात एक बोल्टही बदलला नव्हता.

गुंता मुख्य बॉयलरने केला. पूर्वी ताशी २ टन वाफ तो एकटा देत होता. आता ६३० किलो वेस्ट हीट बॉयलर देतो, आणि सीआयपीच्या एक्स्चेंजरची ताशी सुमारे ७७० किलो वाफेची मागणीच संपली. उरले ६०० किलो. ३ टनी बॉयलरचा बर्नर एक चतुर्थांशापर्यंत म्हणजे ७५० किलोपर्यंतच खाली येतो. त्याखाली तो बंद-चालू, बंद-चालू करत राहतो. दर स्टार्टला बर्नर आधी थंड हवा फुंकून भट्टी साफ करतो, आणि ती हवा बॉयलरचीच उष्णता घेऊन चिमणीतून जाते. तासाला दहा-बारा स्टार्ट होऊ लागले. म्हणून दाबाचा पट्टा खालून रुंद करून ६.४ ते ७.६ केला. स्टार्ट निम्म्यावर आले, पण पूर्ण गेले नाहीत. एक टनी छोटा बॉयलर घेऊन मोठा राखीव ठेवणे हा पक्का इलाज, आणि तो पुढच्या खर्चात धरला आहे. सहवीज संच बसवताना जुन्या बॉयलरचे काय होणार हा प्रश्न निविदेत क्वचितच दिसतो.

विजेच्या बाजूचा छुपा दंड

इंजिन महावितरणच्या पुरवठ्याशी समांतर चालते. १५५० पैकी १००० इंजिन देते, ५५० बाहेरून येतात. इंजिनाचा अल्टरनेटर पॉवर फॅक्टर (एकूण ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष काम करणारा वाटा) एकवर चालवला जात होता, ‘जास्तीत जास्त किलोवॉट मिळावेत’ म्हणून. पण कारखान्याला लागणारे ५०९ केव्हीएआर (मोटारींच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, काम न करणारी वीज) मग पूर्ण बाहेरून येत. पूर्वी १५५० किलोवॉटसोबत ते घेतले तर पॉवर फॅक्टर ०.९५ दिसे, आता ५५० सोबत तेच घेतले की मीटरवर ०.७३. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच प्रमाणे, म्हणजे ही काम न करणारी वीजही धरून, बिल येते, त्यामुळे ५५० युनिटांच्या जागी जवळपास ७५० मोजली जात होती.

अल्टरनेटर ०.९५ लॅगिंगवर आणला की तो ३२९ केव्हीएआर देतो. बाहेरून १८० उरतात, आणि मीटरवर पुन्हा ०.९५. त्यासाठी एव्हीआरला (अल्टरनेटरच्या व्होल्टेज नियंत्रकाला) मुख्य इनकमरवरचा (बाहेरची वीज आत येते त्या ब्रेकरवरचा) पॉवर फॅक्टर दाखवणारा सिग्नल द्यावा लागतो. कपॅसिटर पॅनेलची सीटीसुद्धा (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) इनकमरवरच हवी. ती लोडच्या बाजूला राहिली तर पॅनेल आणि एव्हीआर एकमेकांवर कुरघोडी करत राहतात.

महावितरणशी ठरलेली करार मागणी १८०० केव्हीए होती, ती कमी करण्याचा मोह झाला. केली नाही. इंजिन बंद पडले की १५५० किलोवॉट एकदम बाहेरून ओढले जातात, आणि एकाच अशा प्रसंगाने महिन्याची कमाल मागणी नोंदली जाते. दोन इंजिने असती तर गोष्ट निराळी.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. फीडरवर क्षणिक डिप आला की व्हेक्टर शिफ्ट रिले (बाहेरचा पुरवठा तुटल्याची चाहूल घेणारा) इंजिनाचा ब्रेकर सोडवे. इथे सेटिंग ६ अंशांवर होते, फार हळवे. ते वाढवणे सोपे, पण महावितरण आणि विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीशिवाय या रिलेला हात लावू नये. बाहेरची लाइन बंद असताना कारखान्याने तिला जिवंत ठेवले तर खांबावरच्या माणसाच्या जिवावर बेतते. मंजुरीने १० अंश झाले, आणि सुटायचे ते मुख्य इनकमरने, इंजिनाच्या ब्रेकरने नाही, असा क्रम लावला. इनकमर सुटला की इंजिनाच्या गळ्यात १५५० चा लोड पडतो, म्हणून त्याच क्षणी, सुमारे २०० मिलिसेकंदांत, चिलर, हवेचे एक कॉम्प्रेसर आणि गोदामाचा फीडर सोडून लोड ८५० वर आणावा लागतो. लीन बर्न टर्बो इंजिन एका टप्प्यात दहा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त लोड घेत नाही. चिलर परत चढवताना पंधरा-वीस सेकंदांच्या अंतराने एकेक, नाहीतर फ्रिक्वेन्सी बसते आणि सगळेच जाते.

मे महिन्यातली दुपार

एप्रिल-मेमध्ये दुपारी इंजिन स्वतःहून ८५० वर उतरे. पॅनेलवर नॉकिंगचा (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकण्याचा) इशारा. पहिला आरोप गॅसवर झाला. आयात एलएनजीत इथेन जास्त असले तर मिथेन क्रमांक (गॅस नॉकिंगला किती तग धरतो याचे माप) घटतो आणि नॉकिंग वाढते, हे खरे आहे. पण मग ते रात्रीही दिसले असते. दोष इंटरकूलरच्या दुसऱ्या टप्प्यात निघाला. खाडीकाठच्या दमट हवेत वेट बल्ब (बाष्पीभवनाने पाणी निवू शकेल ती खालची मर्यादा) २७-२८ अंशांवर असतो, म्हणून टॉवर ३२ च्या खाली पाणी देऊच शकत नाही. टॉवर आणि इंटरकूलरमधल्या एक्स्चेंजरची प्लेट स्वच्छ असेल तर इंटरकूलरला ३६ चे पाणी मिळते. प्लेटांवर शेवाळ आणि क्षार बसल्याने ते ४२ वर गेले होते. मिश्रण गरम झाले की ते वेळेआधी पेटते, कंट्रोलर आधी इग्निशन मागे घेतो, तेवढ्याने भागले नाही की लोड. प्लेट उघडून धुतल्या, टॉवरच्या लाइनीत बास्केट स्ट्रेनर घातला, ब्लोडाउन (क्षार साचलेले पाणी सोडणे) नियमित केला.

खोलीचीही भर होती. अंगातून पडणारी नव्वदेक किलोवॉट उष्णता आठ अंशांच्या वाढीत बाहेर काढायला ताशी ३५ हजार घनमीटरच्या घरात हवा लागते. इथे बाहेर फेकलेली गरम हवा वाऱ्याने पुन्हा आतल्या जाळीत येत होती. एक्झॉस्टचे तोंड वळवून डक्ट वर नेला. हवा आत घ्यायची जाळी कुठे आहे हे या पट्ट्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचे. शेजारी रासायनिक कारखाने असतात. क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटची किंवा आम्लाची वाफ इंजिनात गेली की तेलात आम्ल वाढते, टीबीएन (तेलाची आम्ल मारण्याची क्षमता) झपाट्याने उतरतो, आणि तेलाच्या चाचणीत तांबे-शिसे म्हणजे बेअरिंग दिसू लागतात. म्हणून तेल ठरावीक तासांवर नव्हे, चाचणीवर बदलायचे: टीबीएन, आम्लता, नायट्रेशन, ऑक्सिडेशन आणि धातू. गॅस इंजिनाचे कमी राखेचे तेलच वापरावे. डिझेल जनरेटरचे तेल दुकानात हाताशी असते, पण त्याच्या जास्त राखेने व्हॉल्व्ह आणि पिस्टनवर थर बसून नॉकिंग परत येते.

खोलीतले गॅस डिटेक्टर छताजवळ हवेत, कारण हा वायू हवेपेक्षा हलका असतो. एलपीजीच्या सवयीने ते जमिनीलगत लावलेले होते. तेही वर नेले.

रात्र आणि रविवार

बाहेर वीज जाऊ नये म्हणून किमान १०० किलोवॉट आयात राखावी लागते. रात्री १०५० च्या लोडवर इंजिनाला ९५० मिळतात, ते ठीक. रविवारी ४०० वर फक्त ३०० मिळाले असते. ५०० च्या खाली इंजिन चालवले तर कार्यक्षमता घसरते, तेल वर चढून प्लग आणि व्हॉल्व्ह माखतात, आणि रविवारी धुलाई नसल्याने गरम पाणीही छपरावरच जाते. म्हणून शनिवारी रात्री शेवटची सीआयपी संपली की इंजिन बंद. कोणत्या तासांना चालवायचे याचा तक्ता वेगळा आहे. टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या) दरातल्या सवलतीचे आणि अधिभाराचे तास वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार बदलतात, त्यामुळे प्रत्येक नव्या आदेशानंतर हा तक्ता गॅसच्या ताज्या दरासह पुन्हा मांडला जातो.

बंद काळात जॅकेट हीटर चालूच ठेवतात, पाणी ६० अंशांवर राहील असे. सोमवारी पहाटे आधी प्री-लुब पंप, मग गॅस ट्रेनची गळती तपासणी, धुराचा मार्ग फुंकून साफ, स्टार्ट, १५०० फेऱ्यांवर काही मिनिटे, सिंक (बाहेरच्या पुरवठ्याशी जुळवून जोडणे), आणि टप्प्याटप्प्याने लोड. डायव्हर्टर पहिली वीस मिनिटे वळशावर ठेवतात, थंड बॉयलरच्या नळ्यांना झटका बसू नये म्हणून. त्या वेळात जॅकेट वॉटर आधी टाकीकडे जाते. सहाची शिफ्ट धुलाई सुरू करते तेव्हा टाकीत ७० च्या वर पाणी हवे असेल, तर स्टार्ट चारच्या आधी द्यावा लागतो.